शिडाच्या नौकेतील तांब्याची तार

शिडाची नौका वाऱ्याच्या बळावर चालते. तिला एंजिन कशासाठी हवे, असा प्रश्न प्रथमदर्शनी साहजिक वाटतो. त्याचे उत्तर बंदराच्या तोंडाशी मिळते. खुल्या समुद्रात वारा कोणत्याही दिशेचा असला तरी नौकेला वळणे घेत पुढे जाण्यास जागा असते. बंदराच्या अरुंद वाटेत तशी जागा नसते. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला धक्का, समोरून येणारी मोठी जहाजे आणि ओहोटीचा ओढा अशा स्थितीत वारा एकाएकी पडला, तर शिडे निरुपयोगी होतात व नौका प्रवाहाबरोबर खडकाकडे वाहू लागते. अशा वेळी सारा भरवसा लहानशा डीझेल एंजिनावर असतो. तांडेल किल्ली फिरवितो आणि एंजिन सुरू होण्याऐवजी नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. एंजिनात दोष नसतो. डीझेल असते, बॅटरीही नवी असते. दोष असतो तो बॅटरी व एंजिन यांमधील तांब्याच्या तारेत.

ही तार, तिचे सांधे व तिचे आवरण जुने झाल्यावर काय होते आणि ते सर्व नव्याने कसे बसवावे, या विषयाची ओळख येथे करून द्यावयाची आहे. विषय नौकेचा असला तरी त्यातील नियम ज्या नियमांवर घरातील दिवा, शेतातील ट्रॅक्टर व रस्त्यावरील रिक्षा चालते, तेच आहेत.

मुंबईत बांधलेली नौका

लहान नौकांच्या इतिहासात मुंबईचे नाव एका विशेष कारणाने नोंदले गेले आहे. १९६३–६४ च्या सुमारास मुंबईतील सुतारांनी सागवानी लाकडाची एक ३२ फूट लांबीची नौका बांधली. तिचे नाव ‘सुहेली’. याच नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश नाविक १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून एकटेच निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी त्याच बंदरात परतले. एकट्याने न थांबता केलेली ही पहिली सागरप्रदक्षिणा होय.

या प्रवासातील विजेची कथा उद्बोधक आहे. प्रवासास दोन-अडीच महिने होतात न होतात तोच नौकेवरील रेडिओ निकामी झाला व पुढे कित्येक महिने नौकेचा ठावठिकाणा कोणालाही कळेनासा झाला. बॅटऱ्या भरण्यासाठी एक छोटे एंजिन होते. ठिणगी निर्माण करणाऱ्या त्याच्या मॅग्नेटोतील दोन बिंदूंमधले अंतर नेमके ठेवावे लागे, परंतु ते मोजण्याची पट्टी बरोबर घ्यावयाची राहिली होती. नॉक्स-जॉन्स्टन यांनी एका पुस्तकाची पाने मोजली. एका इंचाच्या जाडीत २०० पाने बसत. म्हणजे एक पान एक इंचाच्या दोनशेव्या भागाइतके, अर्थात पाच-सहस्रांश इंच जाडीचे झाले. हवी तितकी पाने एकत्र धरली की मापनपट्टी तयार! विज्ञान प्रयोगशाळेबाहेरही कसे उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

‘सुहेली’ पुढे काही काळ ग्रिनिच येथील संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. म्हणून तिला बाहेर काढून दुरुस्त करण्यात आले व ती पुन्हा पाण्यावर आली. नौका जुनी झाली म्हणजे ती टाकून द्यावयाची नसते. तिचा एकेक अवयव तपासून नवा करावयाचा असतो, हा धडा या घटनेतून मिळतो. लाकडाला जो न्याय, तोच तारेलाही लागू आहे.

भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली व २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये चार बंदरांत थांबत, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची भगिनी ‘तारिणी’ हिने २०१७–१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना, व २०२४–२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींना जगाभोवती फिरवून आणले. आजच्या अशा नौकांत स्वयंचलित सुकाणू, दिशादर्शक यंत्रे, उपग्रहाद्वारे संदेशवहन, दिवे व पंप ही सर्व विजेवर चालतात. म्हणून तारेचे महत्त्व १९६८ पेक्षा आज कितीतरी अधिक आहे.

बारा व्होल्टांचा संसार

घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असते, तर लहान नौकेतील बहुधा १२ व्होल्टांची. दाब कमी म्हणून धोका कमी, अशी समजूत सर्वत्र आढळते. विजेचा झटका बसण्याच्या दृष्टीने ती खरी आहे, परंतु आगीच्या दृष्टीने ती खोटी आहे. १२० वॅटचे उपकरण २३० व्होल्टांवर सुमारे अर्धा अँपियर प्रवाह घेते. तेच उपकरण १२ व्होल्टांवर १० अँपियर घेते. एंजिन सुरू करणारी मोटर तर काही क्षण २०० अँपियर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढते. प्रवाह वाढला की तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते.

तारेचा रोध तिच्या लांबीच्या सम प्रमाणात व जाडीच्या, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम भरतो. हा एक आकडा ध्यानात ठेवला म्हणजे नौकेतील बहुतेक सर्व हिशोब वहीच्या एका पानावर करता येतात.

समजा, एंजिन सुरू करणाऱ्या मोटरीच्या जाड तारेचा एक सांधा गंजला आणि त्याचा रोध केवळ ०.०१ ओहम झाला. हा रोध इतका क्षुद्र आहे की साध्या मापकावर तो दिसणारही नाही. परंतु २०० अँपियर प्रवाह वाहू लागताच त्या एका सांध्यात २ व्होल्ट दाब नाहीसा होतो व ४०० वॅट उष्णता उत्पन्न होते. बाराचे दहा व्होल्ट उरतात, मोटर रखडते आणि सांधा हात लावू नये इतका तापतो. प्रारंभी वर्णिलेल्या त्या ‘टक्’ आवाजाचे रहस्य हेच.

तांब्याचे शत्रू

तांबे ही तशी टिकाऊ धातू. मग नौकेतील तार इतक्या लवकर का बिघडते? तिचे शत्रू चार आहेत.

पहिला शत्रू खारट ओलावा. नौकेतील तार अनेक बारीक तंतूंची बनलेली असते. तंतूंमधील सूक्ष्म फटींतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा ओलावा आवरणाच्या आत शिरतो. वरून तार नवीसारखी दिसते. आवरण सोलून पाहिले की आतील तंतू काळे पडलेले, सांध्यापाशी हिरवट क्षार साचलेले व तंतू बोटाने तुटावेत इतके ठिसूळ झालेले आढळतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तंतूवर कथिलाचा पातळ मुलामा दिलेली तार वापरणे. घरातील पितळी भांड्यांना कल्हई करण्यामागे जे तत्त्व होते, तेच येथेही आहे.

दुसरा शत्रू कंप. डीझेल एंजिन चालू असताना सतत थरथरत असते. एकाच जाड तंतूची तार घराच्या भिंतीत वर्षानुवर्षे टिकते, परंतु एंजिनाशेजारी ती वारंवार वाकून थकते आणि तुटते. म्हणून नौकेत बारीक तंतूंची लवचिक तारच वापरावी लागते व ती ठिकठिकाणी बांधून ठेवावी लागते.

तिसरा शत्रू उष्णता व तेल. एंजिनाच्या कोठीतील उष्णतेने आणि डीझेलच्या संपर्काने तारेचे प्लॅस्टिकचे आवरण कडक होते, त्याला भेगा पडतात व आतील तांबे उघडे पडते.

चौथा शत्रू सर्वांत कपटी. समुद्राचे पाणी विजेचे वाहक आहे. दोन भिन्न धातू त्यात बुडालेल्या व परस्परांना जोडलेल्या असल्या की आपोआप एक विद्युत्-घट तयार होतो व त्यांतील एक धातू झिजत जाते. सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्त व लोखंड यांचे तुकडे जोडून तांब्याचे रक्षण होते, हे दाखवून दिले. आजही नौकेच्या तळाशी जस्ताचा तुकडा बसवितात. तो स्वतः झिजतो आणि इतर धातूंना वाचवितो. परंतु तळाच्या पाण्यात बुडालेली एखादी सोललेली तार बॅटरीची वीज पाण्यात सोडू लागली, तर झीज अनेक पटींनी वेगाने होते. तळातील पितळी नळ या भटक्या विजेने पोखरला जाऊन नौकेत पाणी शिरू शकते. नौका बुडाली, तर खडकाला न लागताही ती बुडते, आणि कारण असते एक उघडी तार.

जुन्या मांडणीतील एक दोष

१९७० व १९८० च्या दशकांत बांधलेल्या अनेक शिडाच्या नौकांत एक ठराविक मांडणी आढळते. एंजिनाच्या सर्व तारा एका जुडग्यात बांधून सुकाणूजवळील फलकापर्यंत नेलेल्या असतात व वाटेत अनेक काट्यांच्या प्लगाने त्या जोडलेल्या असतात. कारखान्यात एंजिन व फलक वेगवेगळे तयार करून जलद जोडता यावेत, ही त्यामागील सोय. फलकावर प्रवाहमापक, म्हणजे अँमीटर, असतो. प्रवाहमापकातून संपूर्ण प्रवाह जावा लागतो. म्हणून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा सारा प्रवाह एंजिनापासून फलकापर्यंत आणि तेथून परत एंजिनापर्यंत असा हेलपाटा घालतो.

याचा हिशोब करून पाहावा. जाण्यायेण्याची लांबी ६ मीटर, तारेचा छेद ५ चौरस मिलिमीटर आणि प्रवाह ४० अँपियर धरल्यास तारेचा रोध सुमारे ०.०२ ओहम येतो व दाबातील घट सुमारे ०.८ व्होल्ट होते. जनित्र १४.२ व्होल्ट देत असले तरी बॅटरीपर्यंत १३.४ व्होल्टच पोहोचतात. शिशाची बॅटरी पूर्ण भरण्यास इतका दाब अपुरा पडतो. ती नेहमी अर्धपोटी राहते व अकाली निकामी होते. नौकेचा मालक नवी बॅटरी आणतो, आणि तिचीही तीच गत होते.

याहून गंभीर गोष्ट प्लगाची. त्याच्या एका काट्याचा रोध गंजामुळे ०.०१ ओहम झाला, तर ४० अँपियर प्रवाहाने त्या चिमुकल्या काट्यात १६ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ज्या लहान विद्युत्-डाखणीने शिसे वितळवितो, तिची उष्णता साधारण इतकीच असते. म्हणजे एंजिनाच्या बंद कोठीत, डीझेलच्या वासात, एक डाखणी अहोरात्र चालू ठेवावी तसाच हा प्रकार. असे प्लग काळे पडलेले व वितळलेले आढळतात, यात नवल नाही.

सुधारणा सोपी आहे. प्लग काढून टाकावा व त्याच्या जागी स्क्रूने आवळावयाची जोडपट्टी बसवावी. प्रवाहमापकाऐवजी दाबमापक, म्हणजे व्होल्टमीटर, लावावा. त्याला नगण्य प्रवाह लागत असल्याने बारीक तार पुरते. बॅटरी भरते आहे की नाही, हे तोही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. जनित्रापासून मोटरीच्या जाड खांबापर्यंत वा बॅटरीपर्यंत आखूड व जाड तार थेट न्यावी. एक मीटर लांब व २५ चौरस मिलिमीटर छेदाची तार घेतल्यास दाबातील घट ०.०३ व्होल्टाहून अधिक होत नाही.

काम कोणत्या क्रमाने करावे

जुन्या तारांच्या गुंत्यास हात घालण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि तीही ऋण टोकापासून. बॅटरी भरली जात असताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी स्फोटास पुरेशी होते. म्हणून कोठी प्रथम उघडून हवा खेळू द्यावी.

त्यानंतर हत्यार न उचलता कागद व पेन्सिल घ्यावी. प्रत्येक तार कोठून निघते व कोठे जाते, तिचा रंग व जाडी काय, याचा नकाशा काढावा व तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावावी. जुन्या नौकेत अनेक मालकांनी आपापल्या सोयीने जोडलेल्या तारा असतात. त्यांपैकी काही कोठेच जात नाहीत, परंतु त्यांत वीज मात्र असते. नकाशा पूर्ण होईपर्यंत कोणतीही तार कापू नये. पुढे एका वेळी एकच मंडल बदलावे व ते तपासून मगच दुसऱ्यास हात लावावा.

तारेची जाडी दोन कसोट्यांवर निवडावी. ती तापता कामा नये, आणि तिच्यात दाब फार घटता कामा नये. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या संस्थेच्या मानकानुसार महत्त्वाच्या मंडलात ३ टक्क्यांपर्यंत व इतरत्र १० टक्क्यांपर्यंत घट चालते. १२ व्होल्टांच्या ३ टक्के म्हणजे फक्त ०.३६ व्होल्ट. हिशोब करताना जाण्याची व येण्याची अशी दोन्ही लांबी धरावी. नवशिके येथेच चुकतात.

टोकाला बसवावयाचा लग योग्य पकडीने दाबून घट्ट करावा. केवळ डाख देऊन भागवू नये. वितळलेला डाख तंतूंमधून वर चढतो, तार तेथे ताठर होते आणि कंपाने नेमकी त्याच जागी तुटते. दाबलेल्या सांध्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. आतून डिंकासारखा थर असलेली नळी ओलावा आत येऊ देत नाही.

शेवटी फ्यूज. फ्यूज यंत्राचे रक्षण करतो, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. तो मुख्यतः तारेचे रक्षण करतो. म्हणून त्याचा आकडा तारेच्या क्षमतेवरून ठरवावा आणि तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा. उपरोक्त मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे ७ इंच सांगितले आहे. बॅटरी व फ्यूज यांमधील तारेला कोणाचेही संरक्षण नसते. ती जितकी आखूड तितके बरे. फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्या जागी जाड तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याने आरडाओरड केली म्हणून त्यालाच हाकलून देणे होय.

दिल्ली आणि तांब्याची तार

राजधानी दिल्ली समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. तरीही या विषयाचे दोन धागे तेथे पोहोचतात.

ज्या व्होल्ट, ओहम व अँपियर यांच्या आधारे वरील हिशोब झाले, त्यांची भारतातील प्रमाणे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जपली जातात. या प्रयोगशाळेची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजी बसविली गेली व १९५० मध्ये तिचे उद्घाटन झाले. तेथे व्होल्टचे प्रमाण जोसेफसन परिणामावरून व ओहमचे प्रमाण क्वांटम हॉल परिणामावरून सिद्ध केले जाते. २० मे २०१९ पासून अँपियरची व्याख्या इलेक्ट्रॉनवरील विद्युत्-भाराच्या ठरविलेल्या मूल्यावर आधारलेली आहे. तारेच्या दर्जाची मानकेही दिल्लीतूनच निघतात. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचे कार्य १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो चालवीत आहे. तिचे ८१३० क्रमांकाचे मानक तारेतील वाहकाविषयी, तर ६९४ क्रमांकाचे मानक पीव्हीसी आवरणाच्या तारांविषयी आहे. तार विकत घेताना तिच्यावरील मानकचिन्ह व क्रमांक पाहणे, ही सुरक्षिततेची पहिली पायरी होय.

दुसरा धागा यमुनेच्या काठचा. ओखला येथील बंधारा आग्रा कालव्यासाठी १८७४ मध्ये उभारला गेला. त्याच्या आसपास आज यमुनेच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगताना दिसतो. सांडपाण्याच्या नाल्यांतून कुजण्याच्या क्रियेमुळे हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. हा वायू तांब्याशी संयोग पावून काळे कॉपर सल्फाइड बनवितो. नोएडा व पूर्व दिल्लीत नाल्यांच्या जवळ राहणाऱ्यांच्या वातानुकूलन यंत्रांतील तांब्याच्या नळ्या अल्पावधीत काळ्या पडून गळू लागतात, हा तेथील परिचित अनुभव आहे. समुद्रावर जे काम मीठ करते, तेच काम येथे गंधक करते. तांब्याला दोघेही सारखेच शत्रू.

आणि बॅटरी तर दिल्लीच्या प्रत्येक गल्लीत आहे. विजेवर चालणाऱ्या रिक्षात बहुधा बारा-बारा व्होल्टांच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्ट मिळवितात. तेथेही प्रवाह मोठा, कंप अखंड, पावसाचे पाणी ठरलेले, आणि सांधे पुष्कळदा उघडे. नौकेच्या तारेविषयी वर सांगितलेला प्रत्येक नियम या रिक्षेलाही लागू पडतो.

वर्गात करून पाहावयाचा प्रयोग

दोन कोरडे घट, विजेरीचा एक दिवा आणि मोटर गुंडाळण्यासाठी वापरतात ती ०.२ मिलिमीटर व्यासाची इनॅमल लावलेली तार घ्यावी. प्रथम आखूड तारेने दिवा लावून त्याचा प्रकाश पाहावा. नंतर २० मीटर तार मंडलात घालावी. टोकांवरील इनॅमल खरडून काढण्यास विसरू नये. या तारेचा रोध सुमारे ११ ओहम असल्याने दिवा मंद होतो. आता तेवढ्याच लांबीची दुसरी तार पहिलीच्या जोडीने लावावी. छेद दुप्पट होतो, रोध निम्मा होतो आणि दिवा पुन्हा उजळतो. शेवटी सांध्याच्या जागी गंजलेला खिळा ठेवावा, आणि मग तोच खिळा कानशीने घासून चकचकीत करून पुन्हा ठेवावा. प्रकाशातील फरक विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटणार नाही. या प्रयोगासाठी घरातील विजेचा वापर मुळीच करू नये. दोन घटांत सर्व नियम दिसून येतात.

तार ही यंत्रातील सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. एंजिनाला तेल घालण्याची आठवण सर्वांना राहते, तारेचा सांधा वर्षातून एकदा सोडवून, घासून पुन्हा आवळण्याची आठवण फार थोड्यांना. वर्षातील ती एक दुपार ज्याने दिली, त्याची नौका वारा पडल्यावरही खडकापासून दूर जाऊ शकते.